पंधरा मिनिटांचं दुसरं लग्न

"बघाच तुम्ही!" रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवत हेडक्लार्कने सगळ्या खात्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. "लोक एकदा लग्न करतात आणि जन्मभर खर्चाचं रडगाणं गातात. मी दुसऱ्यांदा करणार, त्याच बायकोशी करणार, परदेशात करणार आणि चहा-बिस्किटाच्या खर्चात करणार!"

कुणी हसलं नाही. पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्कच्या काटकसरीबद्दल कुणालाच शंका नव्हती. गेल्या वर्षी तिघांचे निरोपसमारंभ त्याने एकाच भाषणात उरकले होते, फक्त नावं बदलून.

लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. बायको मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन. तिची धाकटी बहीण अठरा वर्षं परदेशात राहत होती आणि "या एकदा, या एकदा" करून तिचा घसा बसला होता. म्हणजे राहायची सोय झाली, जेवायची झाली. उरलं फक्त लग्न.

हेडक्लार्कने इंटरनेटवर शोध घेतला. समुद्रकिनारा, फुलांची कमान, व्हायोलिनवाले चौघे आणि पांढरा घोडा.

"घोडा कशाला?" तो कॉम्प्युटरलाच म्हणाला. "मी काय पळून जातोय?"

मग सापडलं ते रत्न. मेहुणीच्याच गावातलं सरकारी विवाह कार्यालय! मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटं. खुर्च्या त्यांच्या, फुलदाणी त्यांची, फी नावापुरती. जुन्या जोडप्यांनाही पुन्हा शपथ घेता येईल, असं खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं. हेडक्लार्कने जन्मभर मुंगीचीच अक्षरं वाचलेली. त्याने ते बरोबर टिपलं आणि ठरवलं, मेट्रनला जराही पत्ता लागू द्यायचा नाही.

प्रश्न होता भाषेचा.

"ते माझ्यावर सोडा, भावोजी," फोनवर साडू म्हणाला. "अठरा वर्षं काढलीत इथे. घराघरात माझं बोलणं असतं!"

हे खरंच होतं. साडू फ्रिज दुरुस्त करायचा. घराघरात त्याचं बोलणं फ्रिजबद्दलच असायचं, ही गोष्ट हेडक्लार्कच्या लक्षात यायला जरा उशीर झाला.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पाव आणायच्या निमित्ताने हेडक्लार्क आणि साडू बाहेर पडले आणि थेट विवाह कार्यालयात गेले. स्वच्छ खोली, भिंतीवर घड्याळ, काउंटरमागे चष्मा साखळीला बांधलेली एक बाई. तिला इंग्रजीतले दोनच शब्द येत होते, 'नेक्स्ट' आणि 'क्लोज्ड'. साडूने खिडकीत डोकं घातलं आणि भडाभडा बोलायला सुरुवात केली.

तो नेमकं काय बोलला, ते नंतर मेहुणीने खोदून खोदून काढलं. "या गृहस्थांकडे पंचवीस वर्षांची बायको आहे. चालू स्थितीत आहे. मुदत संपलीय, वाढवून पाहिजे."

बाईने चष्मा चढवला आणि हेडक्लार्कला पायापासून टाळूपर्यंत पाहिलं. हेडक्लार्क गोड हसला.

"काय म्हणतात?"

"विचारतायत, बायकोला हे माहीत आहे का?"

"छे छे! तिला अजिबात कळता कामा नये!"

साडूने हे मात्र शब्दशः सांगितलं. वर स्वतःच्या पदरचं जोडलं, "मंगळवारी आम्ही दोघं तिला घेऊन येतो."

बाईने लाल पेन उचललं, अर्जावर कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"लाल शाईत!" बाहेर पडताना हेडक्लार्क खूश होऊन म्हणाला. "म्हणजे तातडीचं! काम कसं चोख आहे बघा यांचं."

मंगळवारी सकाळी त्याने मेट्रनला सांगितलं, "अगं, जरा बरे कपडे घाल. इथलं जुनं पाणीपुरवठा कार्यालय बघायला जायचंय."

"रजेवर येऊनसुद्धा पाणीपुरवठा?" मेट्रन म्हणाली. "तुम्हाला एकदा कुणालातरी दाखवायला हवं!" पण तिने कपडे बदलले, पायात चालायचे बूट चढवले आणि बहिणीला सोबत घेतलं.

कार्यालयाच्या दारात तिघी बायका उभ्याच होत्या. एक काउंटरवाली, एक गणवेशातली आणि एक पांढऱ्या केसांची, करारी चेहऱ्याची अधिकारीणबाई. त्यांनी मेट्रनला असं काही हाताला धरून आत नेलं, की जणू ती पुरातून वाचून आली होती. मेहुणीला भाषा चांगली येते म्हटल्यावर तिलाही आत घेतलं. साडू मागोमाग शिरायला लागला, तर गणवेशवाली आडवी आली. दार बंद!

"स्वागताची पद्धत असेल," साडू म्हणाला.

"असेल," हेडक्लार्क बाकावर बसत म्हणाला.

पंधरा मिनिटं झाली. मग वीस. नंतरच्या वेळेचं जोडपं आलं, शेजारच्या खोलीत लग्न लावून हसत हसत निघूनही गेलं. त्यामागचं आलं, तेही गेलं. हेडक्लार्कचा कोट पाठीला चिकटला. आतून आधी कुजबुज ऐकू आली, मग मेट्रनचा चढलेला आवाज, मग एकदम पाचजणींचं खो खो हसणं.

"हसतायत का हो?" हेडक्लार्कने विचारलं.

"फ्रिजमध्ये असा आवाज आला, तर मी प्लग काढतो," साडू म्हणाला.

पाऊण तासाने दार उघडलं. मेट्रन बाहेर आली ती हातात एक पिवळा कागद घेऊन. डोळे पुसत होती. हसून पाणी आलं होतं की आणखी कशाने, हे काही हेडक्लार्कला ओळखता येईना.

"भावोजी," मेहुणीने सांगायला घेतलं, "तुम्ही ताईला फसवून, जबरदस्तीने लग्नाला आणताय असं वाटलं त्यांना! पोलिसांना बोलवायच्या बेतात होत्या. ताईने समजावलं, की हा माणूस जबरदस्ती करणारा नाही, फक्त न विचारता ठरवणारा आहे."

"मग झालं तर! चला, शपथ घेऊया. आपली वेळ..."

"थांबा," मेट्रन म्हणाली. "मला त्या बाईंनी समोर बसवून विचारलं, तुमची स्वतःची इच्छा आहे का? हो म्हणा, नाही म्हणा किंवा मुदत मागा. तीस दिवस मिळतात."

"आणि?"

"मी मुदत मागितली."

बाकाची कड हेडक्लार्कने हाताने चाचपली. "अगं, पण पंचवीस वर्षं...!"

"पहिल्या वेळेला मला कुणी विचारलं होतं का? काकांनी बाबांना विचारलं, बाबांनी तुमच्या वडिलांना आणि तुमच्या वडिलांनी हॉलवाल्याला! रोज वीस पेशंटना मी सांगते, नीट वाचा, विचार करा, मग सही करा. आज पहिल्यांदा मला तसं कुणी म्हणालं. बरं वाटलं हो. थोडा वेळ वाटू दे की!"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर हेडक्लार्कला सवयीचं होतं. तो पायऱ्या उतरायला लागला. खालच्या पायरीवर तो थांबला. सव्वीस वर्षं सरकारी पत्रं लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळेना.

"तू... म्हणजे... इथून पुढेही माझ्याबरोबर...?"

मेट्रनने मुदतीचा पिवळा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "आधी जेवूया," ती म्हणाली. "उपाशी माणसाची संमती धरत नाहीत."

समोरच एक खानावळ होती. चौघे खिडकीजवळ बसले. हेडक्लार्कने सवयीने मेन्यूकार्ड उघडलं आणि उजवीकडचे आकडे वरून खाली बघायला लागला. इतक्यात मेट्रन हळूच म्हणाली, "हो."

"काय हो? सूप?" त्याने मान वर न करता विचारलं.

साडू खोकला. मेहुणीने कपाळावर हात मारून घेतला. मेट्रन रुमाल मांडीवर पसरत म्हणाली, "हो. सूपच."

सूप आलं. चांगलं होतं. दोन चमचे पोटात गेल्यावर हेडक्लार्कच्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं. तो चमचा खाली ठेवून म्हणाला, "अगं, तू मघाशी..."

"गार होतंय," मेट्रन म्हणाली. "प्या."