पाचवा भाग, कालक्रमानुसार

सुटी लागल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळचा चहा झाल्यावर, तिसऱ्या मजल्यावरील घराच्या पुढच्या खोलीत, सासरे आणि सून यांच्यात सासूबाईंच्या समक्ष पुढील करार तोंडी झाला: सून कचेरीच्या कामासाठी आठवडाभर परगावी असताना सासऱ्यांनी नातीला रोज संध्याकाळी अद्भुतकथांच्या सातभागी मालेतले पहिले चार भाग वाचून दाखवावेत, आणि पाचव्या भागाला हात लावू नये.

"पाचवा मी वाचणार, अण्णा," सून म्हणाली. "चिमणी जन्मली तेव्हापासून त्या पाचव्याची वाट बघतेय मी. त्याच्या शेवटी तिचं तोंड कसं होतं, एवढंच मला बघायचंय."

"निश्चिंत जा," अण्णा म्हणाले. "पोराटोरांचे वाङ्मय वाचून दाखवायला काही पांडित्य लागत नाही."

अण्णांची उभी हयात सरकारी दप्तरखान्यात जुने कागद तारीखवार लावण्यात गेली होती. तारखेवाचूनचा कागद त्यांच्या लेखी बेवारस. गद्य वाचावे तर शंभर वर्षांमागचे, पुढचे सारे खरडणे, असे त्यांचे मत होते. आणि ते मांडण्यासाठी समोर ऐकणारा असलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह नसे.

परंतु नातीच्या कानी पडणारा मजकूर आधी तपासणे हे आजोबाचे कर्तव्यच होय. त्या दुपारी त्यांनी पहिला भाग, नाक मुरडून, उघडला. चार भावंडे गच्चीवरच्या कोरड्या टाकीतून एका निराळ्याच देशात उतरतात. पहिल्याच फेरीत धाकटा तिथे हरवतो आणि उरलेले तिघे भागामागून भाग त्याचा शोध घेतात. दर खेपेला एक खाष्ट म्हातारा नावाडी, तोंडाला मफलर गुंडाळलेला, भाड्यापोटी सदऱ्याचे एक बटण मागून घेतो आणि त्यांना नदीपार सोडतो.

"भाषा सुमार आहे," अण्णांनी संध्याकाळी जाहीर केले. "तपासणी चालू आहे. वाचन उद्या." आणि नातीला वाटेला लावून त्यांनी दुसरा भाग घेतला.

तिसरा भाग त्यांनी वर्तमानपत्राच्या आड वाचला. वर्तमानपत्र उलटे धरले आहे, हे पत्नीने दोनदा सांगितले. अण्णांना ते दोनदाही ऐकू आले नाही. मंगळवारी दुपारी चौथा संपला. पाचवा समोरच होता. करार नातीला वाचून दाखवण्यासंबंधी होता, स्वतः वाचण्यास त्यात मज्जाव नव्हता, असा अर्थ लावून अण्णांनी त्याला हात लावला; आणि शेवटच्या प्रकरणात नावाड्याने तोंडावरचा मफलर सोडला तेव्हा सत्तरी उलटलेले अण्णा इतक्या मोठ्याने ओरडले की स्वयंपाकघरातून पत्नी ओल्या हातांनी धावत आली.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"नावाडी," अण्णा म्हणाले.

"कुठला नावाडी?"

"धाकटा आहे तो. आपला धाकटा."

"आपल्याला एकच मुलगा आहे," पत्नी म्हणाली आणि आत गेली.

त्या देशात काळ वेगाने धावत होता. भावंडे परत येईपर्यंत तिथे साठ वर्षे लोटली होती; एकटा पडलेला धाकटा वल्हे मारता मारता म्हातारा झाला होता, आणि ओळख पटावी म्हणून प्रत्येकाच्या सदऱ्याचे बटण गोळा करीत होता. अण्णांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. इतके सुख त्यांना छापील कागदाने कित्येक वर्षांत दिले नव्हते.

येथवर सारे ठीक होते. घात प्रेमाने केला. ज्या कथेने आपल्याला एवढे दिले, तिला आपणही काही द्यावे, असे अण्णांच्या मनात आले. आणि अण्णांपाशी देण्याजोगे एकच होते. धाकट्याची साठ वर्षे घडली दुसऱ्या फेरीपूर्वी, आणि सांगितली मात्र पाचव्या भागाच्या शेवटी! हा अनागोंदी कारभार होता. पुस्तकांचा डिंकही सुटत आलेला होता. बुधवारी सकाळी साती भाग पिशवीत घालून अण्णा बाइंडरकडे गेले.

"सातांचं एक करायचं?" बाइंडरने विचारले.

"एकच ग्रंथ. प्रकरणे या क्रमाने."

बाइंडरने पुस्तकांच्या पाठी कापल्या, पाने अण्णांच्या सांगण्याप्रमाणे रचली आणि डोके खाजवले. "साहेब, पान चौदाच्या पुढं पान दोनशे एकतीस येतंय."

"येऊ द्या. आकडे चुकले तरी काळ बरोबर आहे."

"तुमचं पुस्तक, तुमचा काळ," बाइंडर म्हणाला आणि सुई ओवली.

संध्याकाळी तो भरभक्कम ग्रंथ मांडीवर घेऊन अण्णांनी वाचनास आरंभ केला. पहिल्या प्रकरणात धाकटा हरवला. चिमणी अण्णांच्या दंडाला बिलगली. दुसऱ्या प्रकरणात धाकटा मोठा झाला, म्हातारा झाला, नावाडी झाला. तिसऱ्यात भावंडे नदीकाठी आली.

"हा धाकटाच ना, आजोबा?"

"हो."

"मग ते त्याला ओळखत का नाहीत?"

"त्यांना अजून ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे."

"म्हणजे तू त्यांच्या पुढे आहेस."

"मग आता मी काय करू? ते येईपर्यंत बसून राहू?"

पुढच्या दोन संध्याकाळी चिमणी गादीवर आडवी होऊन ऐकत होती. नावाड्याने बटण मागितले की कूस बदलून म्हणे, "द्या रे, देऊन टाका. तुमचाच भाऊ आहे." ज्या पानांवर अण्णांचा श्वास अडकला होता, त्या पानांवर ती जांभया देत होती. कालक्रम बिनचूक होता. त्यात फक्त गोष्ट उरली नव्हती.

शनिवारी अण्णा पुन्हा बाइंडरकडे गेले. "उसवता येईल," तो म्हणाला. "पण मग हातात पानं येतील, पुस्तकं नाहीत येणार." अण्णा ग्रंथ घेऊन घरी परतले आणि करू नये ते करून बसले.

"चिमणे, आई वाचेल तेव्हा मफलर सुटला की तू दचकायचंस."

"पण मला माहीत आहे."

"माहीत असूनही."

"म्हणजे खोटं?"

"खोटं नव्हे. उशिराचं खरं."

तालीम झाली. चिमणी छातीवर हात ठेवून भिंतीला टेकली आणि डोळे फिरवले. "हे जरा अधिक होते आहे," अण्णा म्हणाले. पत्नी दारात उभी होती. "अहो, त्यापेक्षा सुनेला सरळ सांगा," ती म्हणाली. अण्णांनी ते ऐकले, या वेळी एकदाच सांगूनही. पण केले नाही.

सून आली. ग्रंथ हातात तोलून म्हणाली, "अय्या, एकच केलंत? किती छान बांधलंय!" पाचव्या भागाच्या आरंभी अण्णांनी कागदाची खूण घातलेली होती, तिथून तिने वाचायला घेतले. तीन संध्याकाळी ती वाचत होती, आवाज बदलून, हात हलवून. आणि अधूनमधून लेकीच्या तोंडाकडे चोरून बघत होती. अण्णा खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते. कबुली द्यायला तीन संध्याकाळी पुष्कळ होत्या. तिन्ही गेल्या.

चौथ्या दिवशी तिचा आवाज हळू झाला. "आणि नावाड्याने हात मफलरकडे..."

चिमणी किंचाळली आणि भिंतीला टेकली.

सून थांबली. "अजून सोडला नाही गं त्याने," ती म्हणाली आणि पान उलटले. मागची बाजू कोरी होती; समोरच्या पानावर सहावा भाग सुरू होत होता.

"अण्णा, पुढचं प्रकरण कुठंय?"

"मागे आहे," अण्णा म्हणाले. तालमीच्या नादात हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

"किती मागे?"

"दुसरे."

सुनेने मागची पाने चाळली. चाळताना तिचा हात मंद होत गेला.

"तुम्ही स्वतः कुठल्या क्रमाने वाचलंत?" तिने विचारले.

"छापलेल्या," अण्णा म्हणाले.

ती रागावली नाही. रागावली असती तर अण्णांना वाद घालता आला असता. तिने ग्रंथ मिटून मांडीवर ठेवला, लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि, काही तरी हाती लागावे म्हणून, विचारले, "जाऊ दे. पण गोष्ट? गोष्ट कशी वाटली तुला?"

चिमणीने आजोबांकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि प्रामाणिकपणे विचार केला.

"बरी आहे," ती म्हणाली.