चार बोटं खाली

“त्या माडीत मी चढायची न्हाई,” सावित्राबाईंनी भावाला सांगून टाकलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

माडी म्हणजे भावाची, हौशीरामची टॅक्सी. लढाईच्या आधीची गाडी, लोणावळा स्टेशनसमोर उभी राहिली की शेजारच्या टांग्यांच्या वरून दिसे. सावित्राबाईंचे गुडघे धरलेले. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात त्यांना तिच्यात बसवायला दोन व्याह्यांनी खालून आणि एका जावयानं आतून जोर लावला होता. वाजंत्र्यांनीही वाजवणं थांबवून हात दिला, हे त्या अजून विसरल्या नव्हत्या. तेव्हापासून त्यांनी आपलं गाव, सोमाटणं, सोडलं नव्हतं.

पण या खेपेला त्यांच्यावाचून चालणार नव्हतं. हौशीरामला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली होती आणि रविवारी दुपारी बेडशाला, त्याच्या घरी, बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि सांगताना बायकांचे धपाटे पाठीवर घ्यायचे, हा मान आत्याचा. आणि आत्या ही एकच. त्यातून आई गेली तेव्हा हौशीराम दोन वर्षांचा होता. त्याला लहानाचा मोठा केला तो या आक्कानंच. तिच्याऐवजी दुसरं कुणी पाळण्याशी वाकलेलं त्याला बघवलं नसतं. एस.टी.ची पायरी तर टॅक्सीहून उंच.

“आक्का, मी गाडीच खाली आणतो,” तो म्हणाला. “वट्यावर बसल्यावानी बसशील. कुनाचा हात लागायचा न्हाई.”

“मग यीन. पन हात लागला, तर तितनंच माघारी.”

हौशीराम तडक तळेगावच्या नाक्यावर चाँदभाई मिस्त्रीकडे गेला. चाँदभाईनं गाडीखाली शिरून तिचा भार झेलणारे कमानपाटे ठोकून पाहिले.

“उतरवू की. ह्या पाट्यांची कमान मोडायची, सपाट करायचे. चार बोटं खाली बसंल. वर आनि वळनावर डुलायची न्हाई, रस्त्याला चिकटून पळंल.”

“आन् तोटा काय?”

“तोटा कसला? जरा कडक चालंल,” चाँदभाई म्हणाला आणि पान्हा शोधायला लागला.

शुक्रवारी गाडी उतरली. हौशीरामनं ती खंडाळ्याच्या घाटात नेऊन पाहिली. पूर्वी प्रत्येक वळणाला गाडी बाहेर झुकायची आणि मागं बसलेल्या मुंबईकरांना ओकायला खिडक्या अपुऱ्या पडायच्या. आता ती वळणातून अशी सुटली की हातातलं चाक सावरायलाही नको. आनंदाच्या भरात त्यानं चाँदभाईला बारशाचं आमंत्रण देऊन टाकलं. गाडी रिकामी होती आणि रस्ता डांबरी होता, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी सावित्राबाईंनी गाडीच्या दाराकडे पाठ केली, खाली टेकल्या आणि पाय आत घेतले. सगळी आळी बघत होती आणि कुणाचं बोट लागलं नव्हतं. मागं आंबेमोहराचं पोतं, शिसवी पाळणा आणि पितळी घागर चढली. पुढं चाँदभाई बसला, स्वतःच्या कामाची तारीफ ऐकायला.

ती त्याला लगेच मिळाली. “हौश्या, पोटातलं पानी हलंना,” सावित्राबाई म्हणाल्या. कामशेतपर्यंत त्यांनी वाटेतल्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला खिडकीतून हाक मारली.

कामशेतला गाडी डांबर सोडून बेडशाच्या वाटेला लागली. बैलगाड्यांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मधे दगडांचा उंचवटा. पहिल्याच खड्ड्यात ‘धाड्’ आवाज झाला. सपाट झालेल्या पाट्यांना दबायला जागाच उरली नव्हती, त्यामुळे खड्डा सरळ बसणाऱ्याच्या पाठीत येत होता.

“ह्ये काय वाजलं?” सावित्राबाईंनी विचारलं.

“कडक चाललीया,” हौशीराम म्हणाला आणि चाँदभाईकडं पाहिलं.

पुढच्या उंचवट्यावर गाडीचं पोट घासलं. चाँदभाई उतरला, वाकून पाहिलं. “वजन लय झालं. पोतं उतरवा, दोन बोटं उचलंल.” पोतं उतरलं. ते वाटेवर टाकून जाणं शक्य नव्हतं, म्हणून ते चाँदभाईच्या डोक्यावर गेलं. थोड्या वेळानं घागर त्याच्या काखेत गेली. पाळणा तेवढा आक्कांनी मांडीवर घेतला.

“आक्का, तू बी जरा उतरतीस का?” हौशीरामनं भीत भीत विचारलं.

“मी येकदा बसलीया. आता बाळाच्या दारातच उतरायची.”

मग असं झालं की चाँदभाई पोतं घेऊन पुढं चाले, पायानं दगड बाजूला सारी. त्याच्या मागून गाडी येई आणि गाडीत एकट्या सावित्राबाई, दर खड्ड्याला ‘आई गं’ म्हणत. ओढ्यात सायलेन्सर गळून पडला. तिथून पुढं गाडीचा आवाज बेडशाला गाडीच्या बराच आधी पोचला आणि गाव वेशीवर जमलं. गावासमोर सर्वांत आधी आंबेमोहराचं पोतं आलं, खाली घामेजलेला चाँदभाई.

पण बारा वाजायच्या आत मांडीवरचा पाळणा दारात टांगला गेला आणि सावित्राबाई त्याच्यासमोर उतरल्या. पाय बाहेर टाकले, उभ्या राहिल्या. कुणाचा हात लागला नाही.

हौशीरामची बायको हिरी हिनं बाळ त्यांच्या पुढ्यात पाळण्यात ठेवलं. नाव काय ठेवणार हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या वाकल्या, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि हळूच म्हणाल्या, “शालन.” ते त्यांच्या आईचं नाव होतं. हौशीरामला आई आठवत नव्हती, तरी त्याचे डोळे वाहायला लागले.

तेवढ्यात बायकांनी धपाट्यांसाठी हात उचलले. सावित्राबाईंनी आपला हात वर केला.

“थांबा बायांनो. माजे धपाटे कामशेतपासनं खाऊन झाल्यात. मोजून न्हाई सांगता यायचं, पन सगळ्या गावाचे भरत्याल.”

“आसं कसं?” बायकांतली भामाबाई म्हणाली. “रीत हाय. धपाटे पडाया पायजेत.”

“मग ज्यानं गाडी खाली बसवली, त्याला द्या.”

चाँदभाई पोत्यामागं सरकला. हौशीरामला सरकायला जागा नव्हती. त्यानं पाठ वाकवली. त्यातला पहिला आणि सगळ्यांत सणसणीत धपाटा आक्काचा होता.

जेवणं झाल्यावर तो पाठ चोळत म्हणाला, “आक्का, उद्या चाँदभाईकडनं पाटे पयल्यावानी करून घेतो.”

“खबरदार,” सावित्राबाई म्हणाल्या. “मग म्होरल्या म्हैन्यात पोरीला बघाया मी चढू कशी?”

गाडी तशीच राहिली. पुढच्या महिन्यात सावित्राबाई यायच्या आदल्या दिवशी कामशेत-बेडसे वाटेच्या खड्ड्यांत दोघे जण घमेल्यांनी मुरूम टाकत होते. एक हौशीराम, आणि दुसरा, डोक्यावर घमेलं घेतलेला, चाँदभाई.