आत्मारामभाऊंची लांबआखूड काठी

"वरची जळमटं जातील तरच गणपती या घरात राहील. ऐकलंत का?" चुलीवरचा तवा उतरवता उतरवता यमुनाबाईंनी विचारलं.

आत्मारामभाऊंनी उत्तरादाखल एक सणसणीत शिंक दिली. श्रावण संपत आला होता, पावसाची पिरपिर काही थांबत नव्हती आणि भाऊंचं नाक असं चोंदलं होतं की समोर कढी फुटली का दूध करपलं, त्यांना पत्ता लागत नव्हता. पण यमुनाबाईंचं बोलणं त्यांनी नीट ऐकलं होतं. ते न ऐकून सांगतात कोणाला!

गोष्ट गेल्या सालची. ऐन आरतीत, टाळ्या रंगात आलेल्या असताना, आढ्यावरून काजळीनं माखलेलं एक लांबलचक जळमट सुटलं आणि तरंगत तरंगत थेट मोदकांच्या ताटात उतरलं. सगळ्या भावकीनं ते पाहिलं. धाकटा भाऊ गंगाराम यानं तर जरा जास्तच पाहिलं. त्यानं नुकतंच रत्नागिरीतच पलीकडच्या आळीत नवं घर बांधलं होतं, वर फळ्यांची तक्तपोशी ठोकलेली. "दादा, माझ्याकडे वरून काही पडायची भीती नाय. गणपती माझ्याकडे बसवूया," असं तो तेव्हापासून घोकत होता.

प्रकरण पावस गावी काशीआत्याकडे गेलं. काशीआत्या म्हणजे घराण्यातली सगळ्यांत वडील बाई. तिचा शब्द मोडायची छाती कोणाची नव्हती. तिनं निरोप पाठवला, "चतुर्थीच्या आधी मी येईन नि वर बघीन. एक जरी जळमट दिसलं, तरी देवाचा पाट गंगारामाकडे जाईल."

"लग्न होऊन आल्ये तेव्हापासून गणपतीचे मोदक मी वळत्ये," यमुनाबाई म्हणाल्या. "आता काय दिराच्या ओटीवर पाहुणी म्हणून बसू? प्रसाद घ्यायला हात पुढे करू?"

भाऊंना वाईट वाटलं. मांडवी बंदराजवळच्या त्यांच्या घराचं आढं मात्र असं उंच की साधी केरसुणी तिथं पोचायची नाही. मागे एकदा ते शिडीवर चढले होते. वर गेल्यावर डोळे फिरले, तुळईला जी मिठी मारली ती सुटेना. शेवटी शेजारच्या भागोजीनं त्यांना शहाळं उतरवावं तसं अलगद खाली आणलं. त्या दिवसापासून यमुनाबाईंनी शिडी गोठ्यात टाकली होती.

"भागोजीलाच सांगा की. माड चढणारा माणूस तो, हां हां म्हणता साफ करील."

"माझ्या घरच्या जळमटांना भागोजी?" भाऊ ताठ झाले. "मग मी कशाला आहे?"

यमुनाबाईंनी तवा घासायला घेतला. संसार टिकवायचा तर काही प्रश्नांची उत्तरं देऊ नयेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भाऊ बंदरावरच्या कचेरीत कारकून होते. साहेबाच्या टेबलावर एक पितळी दुर्बीण असे. ओढली की लांब, दाबली की आखूड. साहेब जेवायला गेला की भाऊ ती हळूच ओढून बघत. त्या दुपारी ओढता ओढता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुर्बीण जर लांबआखूड होते, तर केरसुणीच्या काठीनं काय पाप केलंय?

घरी येऊन त्यांनी कळकाचा एक जाड पोकळ बांबू आणला, सळई तापवून त्याच्या आतल्या गाठी फोडल्या आणि घरभर धूर केला. त्यात बारीक बांबू, त्या बांबूत आणखी बारीक चिव्याची काठी. तिन्हींना भोकं पाडून आरपार खुंट्या घातल्या. खुंटी काढा, आतली काठी वर सारा, खुंटी घाला. शेंड्याला काथ्याचा मोठा झुबका बांधला नि झुबक्याच्या मानेला दोरी. दोरी खेचली की झुबका मान वाकवून वाशाच्या मागे डोकावे.

"हे काय, आणि कशासाठी एवढं?" दुसऱ्या दिवशी सकाळी तयार वस्तू बघून यमुनाबाईंनी विचारलं.

"लांबआखूड काठी. हिंदुस्थानात दुसरी नाय!"

"पहिली तरी कशाला हवी होती?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण भाऊंनी माजघरात उभं राहून काठी वर सारली, दोरी खेचली, नि पहिल्याच फटक्याला तुळईमागचं वर्षानुवर्षांचं जाळं गुंडाळून खाली आलं. यमुनाबाईंचा हात आपोआप गालावर गेला. "अग्गो बाई! चालत्ये की हो!"

बस्स. बायकोनं कौतुक करावं आणि नवऱ्यानं तिथंच थांबावं, असा नवरा कोकणात अजून जन्मायचाय. अर्धं माजघर लखलखीत झालं तशी भाऊंना चेव आला. "अजून वाढते ही, बघ तर!" म्हणत त्यांनी शेवटच्या भोकात खुंटी घातली आणि काठी जोरानं वर रेटली. झुबका वाशांतून पार गेला, एक कौल उचललं गेलं नि पावसाची धार काठीवरून ओघळत थेट भाऊंच्या बाहीत शिरली.

"मेलं माझं नशीब! तांदूळ भिजतील!" यमुनाबाई धावल्या.

भाऊंनी मात्र शांतपणे दोरी खेचली, झुबक्यानं ते कौल चाचपलं, ढोसलं, सरकवलं आणि परत जागेवर बसवलं. धार थांबली. भाऊंनी चिंब बाहीनं कपाळ पुसलं. "बघितलंस? कौलंसुद्धा परतते!"

या विजयात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. बांबू पाणी प्यायला होता. पाणी प्यायलेला बांबू फुगतो हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण संशोधकाला कुठलं? भाऊंनी खुंट्या उपसल्या, काठी खाली ओढली. ती हलेना. लोंबकळले. तरी हलेना. आडवी करून बाहेर न्यावी तर शेंडा दोन वाशांच्या मध्ये अडकलेला. भर माजघरात जमिनीपासून आढ्यापर्यंत ती काठी खांबासारखी उभी राहिली, आणि उरलेली अर्धी जळमटं वरून मजेत झुलत राहिली.

"आत्याबाई उद्या येणार," यमुनाबाई कसंबसं म्हणाल्या.

"उद्या ना? आज अख्खा दिवस आहे," असं म्हणून भाऊ छत्री घेऊन मिरकरवाड्याला केरूकडे गेले. केरू होडीवाला. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, तो निवांत विडी ओढत बसला होता.

"केरू, फुगलेलं लाकूड सरकायला काय लावतोस रे?"

"आमी तर माशाचं त्याल चोपडताव, भाऊ. पन घरात लावनार? वास जबर मारतो हां."

भाऊंनी बाटली उघडून खोल श्वास घेतला. चोंदल्या नाकाला काही म्हणजे काही लागलं नाही. "कुठला वास? उगाच आपलं!" आणि बाटली घेऊन घरी आले.

यमुनाबाई विहिरीवर होत्या. भाऊंनी स्टुलावर चढून सांध्यात तेल ओतलं, वर ओतलं, खाली ओतलं, उरलेलं फडक्यानं अख्ख्या काठीला चोळलं. श्रावणात ज्या घरात सुक्या बोंबलाचं नावसुद्धा काढत नव्हते, त्या घरात असा घमघमाट सुटला की आळीतली मांजरं एकेक करून ओटीवर येऊन बसली.

यमुनाबाई कळशी घेऊन आत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. पदर नाकाला गेला. "काय केलंत हो हे?"

भाऊ तोंड उघडणार तोच बाहेरून हाक आली, "यमुने! पाय धुवायला पाणी आण गो!"

काशीआत्या! सोबत गंगाराम. उद्या अमावास्या, अमावास्येला घर कोण सोडतो, म्हणून आत्या आजच भाट्याच्या तरीच्या होडीतून खाडी ओलांडून आली होती. हे पंचांग भाऊंनी बघायला हवं होतं, पण ते दुर्बीण बघत बसले होते.

आत्यानं उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि तिचं नाक वर झालं. जळमटं बघायच्या आधी तिनं भाच्याकडे बघितलं. "आत्माराम! श्रावणात? गणपती येणार नि घरात मासळी?"

"मासळी नाय आत्ये, शपथ! हे काठीला लावलंय."

"काठीला? तू काठीस मासे भरवलेस?"

"दादा, निदान देवाची तरी लाज..." गंगारामनं सुरुवात केली. तेवढ्यात त्याच्या पायांतून एक धटिंगण बोका आत घुसला, काठी चाटली आणि चाटत चाटत वर चढू लागला. त्याच्यामागे दोन मांजरी. "शुक! शुक!" गंगारामनं बोक्याची शेपटी धरली, बोक्यानं ओरखडा काढला, गंगाराम केकाटला. आत्या तोवर काठीच्या अगदी बुडाशी जाऊन, मान मागे टाकून, उरलेली जळमटं मोजत होती.

"आत्ये, बाजूला हो!" भाऊ ओरडले.

तेलानं आपलं काम केलं ते नेमकं तेव्हाच. बोका शेंड्याला पोचला, काठी एकदा करकरली आणि सर्रदिशी आतल्या आत बसत खाली आली. तिच्याबरोबर बोका, बोक्याबरोबर झुबका, आणि झुबक्याबरोबर राहिलेल्या अर्ध्या माजघराची जळमटं, काजळीसकट. मांजरं दाराबाहेर पसार झाली. आत्या जागेवरच उभी होती. पांढऱ्या केसांवर जाळ्यांचं मुंडासं, तोंडावर काजळी, मधून दोन डोळे लुकलुकत होते.

यमुनाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गेला आपला गणपती! त्यांनी भिंतीला टेकून ठेवलेल्या देवाच्या पाटाकडे बघितलं आणि मान फिरवली.

आत्यानं वाकून काठीकडे बघितलं. ती आता कमरेएवढी झाली होती.

"ही एवढीशी कशी झाली रे?"

भाऊंनी घाबरत घाबरत दाखवलं. खुंटी काढायची, वर सारायची, खुंटी घालायची. आत्यानं काठी हातात घेतली, सारली. दोरी खेचली. झुबक्यानं मान वाकवली. आत्यानं पुन्हा खेचली. झुबक्यानं पुन्हा वाकवली. आणि मग आत्या हसली. साऱ्या घराण्यात आत्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी वाटलं तिला खोकल्याची उबळ आली.

"आत्याबाई, तुम्ही बसा. पुसून देत्ये," यमुनाबाई फडकं घेऊन पुढे झाल्या.

"बसा, बसा!" आत्या कडाडली. "केस पिकले तेव्हापासून हेच ऐकत्ये! पावसला सुना केराला हात लावू देत नायत. आत्याबाई बसा, आत्याबाई वाकू नका! मग बसल्या जागी दुसऱ्यांची जळमटं मोजू नको तर काय करू? हो बाजूला!"

मग आत्यानं पदर खोचला. काठीला आधी राख नि चिंच लावून स्वतः घासलं, भाऊंकडून पाणी ओतवून घेतलं, गंगारामाला धूप पेटवायला लावला. आणि माजघर, देवघर, ओटी, पडवी अशी ती जी सुटली, ती दिवेलागणीलाच थांबली. वाशांच्या सांदीकपारी, कौलांच्या पाठी, जिथं देवाची नजर जात नाही तिथं आत्याचा झुबका गेला. मधूनच ओरडायची, "यमुने, इकडे बघ गो, केवढं निघालं!" जणू विहिरीत मोहरा सापडल्या.

गंगाराम अवघडून उभा होता. शेवटी त्यानं घसा साफ केला. "आत्ये, आपलं ठरलं होतं ना... जळमट दिसलं तर पाट..."

"दिसलं तर! कुठे दिसतंय? दाखव."

गंगारामनं वर बघितलं. घर बांधल्या दिवशी दिसलं असेल तसं आढं दिसत होतं. "वर नाय, पण तुझ्या डोक्यावर..."

"मग गणपती माझ्या डोक्यावर बसवतोस काय रे?" आत्यानं काठी जमिनीवर आपटली. "दिवसभर हाडं मोडून घर मी साफ केलं नि देव दुसरीकडे बसवू? पाट जागचा हलायचा नाय!"

यमुनाबाईंनी आत्याचे पाय धरले.

"पण गंगाराम, तू रिकाम्या हातानं नको जाऊस," आत्या नरमली. "वाटणी बरोबर व्हायला हवी. देव आत्मारामाकडे राहील, ही काठी तू ने. उद्या अमावास्या, परवा सकाळी तुझ्याकडे येत्ये साफ करायला."

"आत्ये, माझ्याकडे तक्तपोशी आहे. जळमटं नायत."

"असतील. मी शोधीन."

आत्मारामभाऊंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी काठीकडे बघितलं. कळक, बांबू, चिवा, मान वाकवणारा तो झुबका. मग त्यांनी पाटाकडे बघितलं. परत काठीकडे.

"आत्ये," ते चाचरत म्हणाले, "गणपतीचं म्हणशील तर... गंगारामही शेवटी घरचाच..."

यमुनाबाईंनी काठी उचलून दिराच्या खांद्यावर ठेवली, त्याला ओटीपर्यंत पोचवलं, आणि दार लावून नवऱ्याच्या हातात फडकं दिलं.

"पाट पुसा," त्या म्हणाल्या.