तीनदा वाजलं म्हणजे आज नाही

यंत्र कधी खोटं बोलत नाही. त्याच्या बोलण्याचा अर्थ लावायला मात्र जबाबदार माणूस लागतो. सोलापुरातल्या एका दाखल्यांच्या कचेरीला असा माणूस लाभला होता. अव्वल कारकून पंचाक्षरी.

सुरू करताना संगणक एकदा वाजला तर ठीक, आणि तीनदा वाजला तर आतली मेमरीची पट्टी ढिली, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं (ते परदेशी, त्यांना आपल्याकडचं काय कळणार?). पंचाक्षरींनी लहानपणापासून गावच्या देवाला कौल लावलेला. मूर्तीला चिकटवलेलं फूल उजवीकडं पडलं तर होकार, डावीकडं पडलं तर नकार. त्यांनी निर्णय दिला: एकदा वाजलं तर काम करावं, तीनदा वाजलं तर आज वरच्याची मर्जी नाही. साहेबांनी मान्यता दिली. दिवाळीपासून रोज तीनदाच वाजत होतं. या काळात कचेरीत शून्य टक्के चुका झाल्या (कामही तेवढंच झालं). तक्रारीही थांबल्या, कारण त्या त्याच संगणकावर नोंदवायच्या होत्या. चहावाल्या निंगप्पानं तेवढी दुसरी किटली घेतली.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना वळसंगची केराबाई लेकीला, रुपालीला, घेऊन आली.

"सायब, पोरीचं नर्सिंगला नाव लागलंय. आज पाचच्या आत रहिवासी दाखला न्हाय दिला तर जागा जातीया."

"अव्वा, माझ्या हातात काय हाय? सकाळी कौल लावला तवा तीनदा वाजलंय की."

रुपालीचे डोळे भरून आले. पंचाक्षरींनाही वाईट वाटलं. माणूस म्हणून ते लई चांगले. पण नियम म्हणजे नियम.

केराबाई पडली धनगराची. कौलाचं नाव निघताच तिनं पदर खोचला.

"कौल लावताना मागणं कोण बोललं?"

"मागणं?"

"आगं बया! मुक्यानं कौल लावता व्हय? आमच्या बिरुदेवापुढं मागणं बोलल्याबिगर फूल पडलं तर त्यो कौल कुणी धरत न्हाय."

हरकत बिनतोड होती. दिवाळीपासूनचे झाडून सगळे कौल नियमबाह्य ठरत होते. साहेब म्हणाले, पुन्हा लावा, रीतसर.

केराबाईनं संगणकाला चिमूटभर भंडारा लावला, हात जोडले आणि खड्या आवाजात म्हणाली, "माझ्या लेकीचा दाखला अडवणाऱ्याची लांब बदली व्हायची असंल, तर तीनदा वाज."

बटण दाबलं. तीनदा वाजलं.

पंचाक्षरींच्या जुळे सोलापुरातल्या घराला नुकतीच फरशी बसली होती, पोरं शाळेत रुळली होती. त्यांनी साहेबांच्या खोलीतला दुसरा संगणक (पत्ते खेळण्यासाठी राखीव) मोकळा करून घेतला. चहा निवायच्या आत दाखला तयार! साहेबांनी उभ्या उभ्या सही ठोकली. मायलेकी रिक्षानं सुटल्या आणि रुपालीची जागा पक्की झाली.

सोमवारी पंचाक्षरींनी स्वतःहून दुरुस्तीवाला बोलावला. पट्टी काढून पुसली की झालं, दोन मिनिटांचं काम, असं तो म्हणाला. पण तोवर गावभर बोभाटा झाला होता आणि दारात नारळ घेऊन ही भली मोठी रांग लागली होती. कुणाला सोयरिकीचं विचारायचं होतं, कुणाला बांधाच्या भांडणाचं. रांगेनं त्या बिचाऱ्याला संगणकाला बोटसुद्धा लावू दिलं नाही. "चालतंय ते चालू द्या की, कशाला बिघडवता?" असं सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं म्हणता?

आता इकडंतिकडं काय बघताय? नारळ तुमच्याच हातात होता.