खंजीर आणि पोर्क पाई

एक शब्द मरतो तेव्हा संस्कृतीच्या घरातला एक दिवा विझतो, असं मी आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत दर गुरुवारी चहाच्या वेळी सांगत असे. सहकारी गंभीरपणे माना हलवत आणि बिस्किट चहात किती वेळ धरलं की तुटतं, या आपल्या चालू संशोधनाकडे वळत.

माझ्या वाट्याला आलेला शब्द अगदी घरघर लागलेला होता. 'ॲलिबल'. म्हणजे पौष्टिक, अंगी लागणारं. 'पोसणे' अशा अर्थाच्या लॅटिन धातूपासून झालेला. घराणं तालेवार. याचा एक भाऊ, 'ॲलम्नस', विद्यापीठात 'माजी विद्यार्थी' म्हणून मिरवतो, एक बहीण, 'ॲलिमनी', कोर्टात बायकांना पोटगी मिळवून देते. हा मात्र तीनेकशे वर्षांपूर्वी वैद्यांच्या चार ग्रंथांत जेवून गेला, तो गेलाच.

"खंजीर लावून टाका, पेनफोल्ड," संपादक डॉ. थ्वेट म्हणाले. मेलेल्या शब्दापुढे आम्ही खंजिराची खूण छापतो. "नाहीतर ताज्या छापील वापराचा एक दाखला आणा. तुम्ही स्वतः लिहिलेला लेख नको. मागच्या वेळचं माझ्या लक्षात आहे."

मला माझ्या बायकोची पोर्क पाई आठवली.

आमच्या गावच्या शरद प्रदर्शनात ईनिडची पाई पहिली येते, आणि पहिल्या आलेल्या पदार्थापुढे ठेवलेलं नावाचं कार्ड चर्चच्या मासिकात जसंच्या तसं छापतात. यंदा जिंकली की सलग तिसऱ्यांदा, म्हणजे चांदीचा कप कायमचा घरी. ईनिडनं त्यासाठी शेकोटीवरच्या फळीवरून माझ्या वडिलांचा फोटो आधीच जिन्याखाली हलवला होता. तिचे हात पिठात असल्यामुळे कार्ड दरवर्षी मी लिहितो. यंदा 'पोर्क पाई'च्या खाली सुबक अक्षरात एक शब्द वाढवला. तिला सांगितलं नाही. शब्दाच्या घराण्याची माहिती मात्र नाश्त्याला पूर्ण दिली होती.

प्रदर्शनाच्या तंबूत पहिल्यांदा ते कार्ड वाचलं मिसेस गॉरिंज यांनी. त्या दरवर्षी दुसऱ्या येतात.

"ॲलिबल आहे म्हणे," त्या पाद्रीसाहेबांना हळूच म्हणाल्या.

"हो हो, दिसतंच आहे," पाद्रीसाहेब म्हणाले आणि एक पाऊल मागे सरकले. "आमचे मामा शेवटी शेवटी तसेच झाले होते."

"पण निदान कार्डावर लिहिलंय. प्रामाणिक बाई."

"पलटणीत आम्ही असलं घोड्यांनासुद्धा देत नव्हतो," कर्नल फॅनशॉ म्हणाले.

अर्थ कोणीच विचारला नाही. आमच्या गावात ठाऊक नसलेल्या गोष्टीला 'अर्थातच' म्हणायची पद्धत आहे, आणि न विचारता कोणाला शब्दाचा अर्थ सांगणं म्हणजे भर चौकात त्याचे दात मोजणं. पाईभोवती हळूहळू रिकामं वर्तुळ तयार झालं. कोणीतरी शेजारचा जॅमही उचलून दूर नेला.

ईनिड लांबून बघत होती. "बर्ट्रम, लोक माझ्या पाईकडे असे का बघतायत?"

"आदरानं," मी म्हणालो.

मग परीक्षक मिस क्रॅब आल्या, सुरी घेऊन. कार्ड वाचलं. सुरी म्यान केली.

"नियम चौथा," त्या म्हणाल्या. "कार्डावर पदार्थाचं नाव. बाकी काही नाही. बाद."

"अहो, पण त्याचा अर्थ फक्त 'पौष्टिक' आहे!" मी ओरडलो. आमच्या तंबूत याआधी कोणी ओरडल्याचं कोणाला आठवत नाही.

"ते परीक्षकांनी ठरवायचं असतं, मिस्टर पेनफोल्ड."

पाई कापलीच नाही. अख्खी पाई परत घरी नेणं म्हणजे काय, हे आमच्या गावातल्या माणसालाच कळेल. पाद्रीसाहेबांनी मला वाट देताना अंत्ययात्रेला काढतात तशी टोपी काढली.

कप मिसेस गॉरिंजना मिळाला. मासिक दोनच दिवसांनी निघणार होतं; मी वाट बघत राहिलो. कप गेला तर गेला, बाद झाल्याची बातमी तरी छापतील आणि बातमीत शब्द येईलच. बातमी आली. "मिसेस पेनफोल्ड यांची पाई कार्डावरील एका अनावश्यक शब्दामुळे स्पर्धेतून बाद करण्यात आली."

डॉ. थ्वेटनी ती दोनदा वाचली. "शब्द कुठाय?" त्यांनी विचारलं, आणि माझ्यासमोरच खंजीर लावला.

घरी आलो तर ईनिड रिकाम्या फळीकडे बघत बसली होती. पाईचा उरलेला तुकडा तिनं माझ्यापुढे सरकवला. आम्ही तिसऱ्या दिवशीही तीच खात होतो.

"बर्ट्रम, तुझ्या त्या शब्दाची एक बहीण होती ना? कोर्टात असते ती?"

"हो. ॲलिमनी. पोटगी."

"तिला लावलाय का खंजीर?"

नाही, मी म्हणालो. तो शब्द अजून रोजच्या वापरात आहे.