आबांचं स्पॅनिश गाऱ्हाणं

आमच्या मिठबावात कुणी नवी मोटरसायकल घेतली की ती आधी विठूआबांच्या अंगणात येते. आबा चाकाखाली लिंबू ठेवतात, हातात नारळ घेतात आणि देवाला गाऱ्हाणं घालतात, "बा देवा म्हाराजा, ह्या झिलाक सांभाळ, तेका बरी बुद्धी दी, तेका गाडी हळू मारूक शिकव!" भोवती उभे आम्ही ओरडतो, "व्हय म्हाराजा!" होडी असो, बोअरवेल असो, शेजारणीचा मिक्सर असो, आबा मागणार आणि आम्ही होकार देणार.

स्वतःसाठी मात्र ते कधी मागत नाहीत. "गाऱ्हाणा घालणाऱ्यान आपणाक मागूचा नसता गो," म्हणतात. आणि कुत्र्यासाठीही नाही. वाळत घातलेल्या मासळीपायी गावातल्या प्रत्येक कुत्र्याशी त्यांचं वैर आहे.

तर हे आबा एके सकाळी आमच्या दारात. "चेडवा, तू ता स्पॅनिश शिकतंस मा? माका शिकव."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं येतं असं गावाला वाटतं. खरं तर माझे जेमतेम चार धडे झाले होते. पण कारण ऐकून नाही म्हणवेना. त्यांची मुलगी मंजूताई लग्न करून स्पेनमध्ये राहिली. तिचा सहा वर्षांचा नील फक्त स्पॅनिश बोलतो. रविवारी फोनवर तो 'ओला', म्हणजे नमस्कार, म्हणतो आणि पळतो.

"एकदा तरी माज्यासमोर थांबाक व्हयो," आबा म्हणाले.

मी बिचकतच सुरुवात केली. मे, ते, ले. मला, तुला, त्याला.

"म्हणजे माका, तुका, तेका! मगे देवाक कसा सांगूचा, तेका दी म्हणान?"

"दाले."

आबा खूश. 'मे' त्यांनी घेतलंच नाही. "माका काय करूचा हा ता?" त्यांना हवं होतं आरोग्य, दूध, चेंडू; म्हणजे सालुद, लेचे, पेलोता. दिवसभर सराव चाले. मासे विकायला आलेल्या जयूकाकीलाही त्यांनी "दाले सालुद!" असा आरोग्याचा आशीर्वाद दिला.

"आरोग्य ऱ्हवांदे आबानू, आधी गिऱ्हाईक मागा!"

"ता चेडवान अजून शिकवूक नाय."

रविवारी मी आणि जयूकाकी आबांकडे जमलो. फोनच्या पडद्यावर नीलने 'ओला' म्हटलं आणि तो वळला. आबांनी झटकन नारळ उचलला. देवळातला आवाज लागला, "बा देवा म्हाराजा! ह्या नीलाक, दाले सालुद! दाले लेचे! दाले उना पेलोता!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघी ओरडलो.

नील तोंड वासून थांबला. मग हसत सुटला. पुन्हा म्हणा, म्हणाला. आबांनी पुन्हा घातलं. तिसऱ्या वेळी पलीकडून बारीक आवाजात "व्हय म्हाराजा" आलं.

मग नीलने टेबलावरचं सफरचंद दोन्ही हातांत धरलं, डोळे मिटले आणि आबांसारखाच ओरडला, "दाले उन पेरो अल आबुएलो!"

"काय मागता गो तो?"

मी चाचरले. "आजोबांना एक कुत्रा दे म्हणतो."

जयूकाकी फिस्कन हसली. पडद्यावर मंजूताई मात्र हसली नाही. "बाबा, तो काल इचारी होतो, आजोबा घरात एकटेच ऱ्हवतत काय म्हणान."

नील सफरचंद धरून वाट पाहत होता. गाऱ्हाणं घातलं की होकार यायला हवा, हे त्याला एव्हाना कळलं होतं.

आबांनी नारळ खाली ठेवला. हात जोडले.

"व्हय म्हाराजा," ते हळूच म्हणाले.