भटूआप्पांचं सागवानी खोकं

कोरीटचे भटूआप्पा सुतार कम्प्युटर चालू करण्याआधी त्याच्या पाठीवर हात ठेवून ताप बघतात. ताप नसेल तर बटण दाबतात. असेल तर खिडकी उघडतात, पंखा लावतात आणि "जरासा पडू द्या त्याले" म्हणून ओट्यावर विडी ओढायला येतात. बटणापुढचं त्यांना काही येत नाही. शिकायची इच्छाही नाही.

कम्प्युटर त्यांच्या मुलीचा, सारिकाचा. ती सुरतेला साड्यांच्या कारखान्यात नक्षी काढते. दर दुसऱ्या शनिवारी गाडीने घरी येते, दोन दिवस या कम्प्युटरवर स्वतःची वरकड कामं उरकते आणि परत जाते. सारिकाच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली. बाकीचे दिवस घरात आप्पा आणि करवत.

मी शेजारी. हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, म्हणून गावाने मला कम्प्युटरचाही जाणकार ठरवून टाकलंय. मी ते कधी नाकारलं नाही.

पावसाळ्यात कम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यात पाल शिरली आणि आतच आटोपली. डबाही गंजला होता. सारिका म्हणाली, "आप्पा, एक मजबूत खोकं करी द्या. दिवाळीले मी कम्प्युटर सुरतले लई जासू."

आप्पा "हां" म्हणाले आणि उगाच पटाशीला धार लावत बसले. कम्प्युटर गेला की तो दुसरा शनिवारही जाणार, हे मला कळलं, मग त्यांना कळलं नसेल असं कसं म्हणू?

पहिलं खोकं त्यांनी आठवड्यात केलं. सागवानी, देव्हाऱ्यासारखं, पुढे कमळाची जाळी. सारिकाला ते फार आवडलं. मीही झकास म्हणालो. पण आप्पांनी नापास केलं. "नही मास्तर. जीवले वारं जोयजे."

जीवाला वारा पाहिजे, हे त्यांचं पालुपद. म्हणून दुसरं खोकं दुप्पट झालं. नंदुरबारचा एक दुकानदार म्हणाला, लाकडात मशीन तापेल. आप्पांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. "तो पत्रावाला माणूस शे. त्याले लाकूड काय समजी?"

दसऱ्याला सुतार हत्यारांची पूजा करतात. आप्पांनी यंदा करवत, रंधा, पटाशी यांच्या रांगेत कम्प्युटरही बसवला आणि झाकण उघडून आतल्या पंख्याला मूठभर हळदकुंकू वाहिलं. मग ताप बघितला, बटण दाबलं. पंख्याने सगळा प्रसाद घरभर वाटला. पुढे दोन दिवस कम्प्युटरने तोंड उघडलं नाही. सारिका सुट्टी टाकून आली आणि ब्रशने एकेक भाग झाडत बसली. आप्पा शेजारी बसून तिला चहावर चहा पाजत होते. इतका खूश गुन्हेगार मी शाळेतसुद्धा पाहिला नाही.

मग तिसरं खोकं. त्यात मॉनिटरला कोनाडा, कीबोर्डला खण, खाली चार कातीव पाय, वर कडीकोयंडा. एरवी आप्पा निंबाखाली काम करतात. हे मात्र पुढच्या खोलीत चाललं होतं. मी विचारलं, तर म्हणाले, "लाकूडले ऊन लागस." चाळीस वर्षं त्याच उन्हात त्यांनी लाकूड तासलंय. पण मास्तर असूनही मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

भाऊबीज झाली आणि दारात टेम्पो उभा राहिला. दोन गड्यांनी खोकं उचललं, दारापर्यंत आणलं आणि ते चौकटीला टेकलं. आडवं केलं, अडलं. उभं केलं, अडलं. "तिरकं घ्या," असं मी जाणकार म्हणून सांगितलं. तिरकं तर गच्च बसलं. अर्धा गाव हसायला जमला. एवढा नावाजलेला सुतार आणि दाराचं माप विसरला! मीही हसलो.

हसता हसता थांबलो. आमचं कपाट करायचं होतं तेव्हा आप्पांनी फळीला हात लावण्याआधी तीन वेळा आमचं दार मोजलं होतं. हा माणूस कुणाच्याही घरात आधी दोरी घेऊन चौकटीपाशी जातो, पाणी नंतर पितो.

आप्पा कुणाकडेच बघत नव्हते. एकदम पटाशी उचलून म्हणाले, "चौकट काढी देस मी. दहा मिनिटनं काम शे." मला त्यांच्याकडे बघवेना.

सारिकाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. खोकं इथेच सोडून आतलं मशीन तेवढं खोलून पिशवीत घालायला तिलाही दहाच मिनिटं लागली असती. हे तिला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. बहुतेक आप्पांनाही. तिने खोक्याकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, मग बराच वेळ बापाकडे पाहिलं. स्क्रू ड्रायव्हर हत्यारांच्या पेटीत टाकला आणि टेम्पोवाल्याला जायला सांगितलं.

"राहू द्या आठे घरमाच, आप्पा," ती म्हणाली. "मीच येत ऱ्हासू. दर शनिवारी."

आप्पांनी पटाशी खाली ठेवली. उपरण्याने तोंड पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

"शनिवार कसाले?" ते म्हणाले. "शुक्रवारीच ये."